चाक जमिनीवर ठेवणारी नळी

संपादकांनी सांगितलं होतं बोलेरोवर लिहायला. मराठवाड्यातलं लग्नाचं वऱ्हाड असो, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचं असो की निवडणुकीचा प्रचार असो, दारात ही गाडी उभी असते, तेव्हा तिची कहाणी लिहा. परभणीला गेलो आणि वसमत रस्त्यावरच्या एका गॅरेजात विषय बदलला. एक जुनी बोलेरो मागून उचललेली होती. तिच्याखाली आडवे पडून मिस्त्री एका काळ्या, तेलकट नळीचा नट सोडवत होते. ती नळी म्हणजे मागचा शॉकअप. ती सुटून बाहेर आली, मी हातात घेतली आणि मग मला बाकीची गाडी दिसेनाशी झाली.

गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. महिंद्रांनी विलीज जीप भारतात जोडायला १९४७ मध्ये सुरुवात केली. बोलेरो त्याच घराण्यातली, २००० साली आली, नाशिकच्या कारखान्यातून. तिची जुनी प्रतिस्पर्धी टाटा सुमो १९९४ ची. सुमंत मुळगावकरांच्या नावावरून तिचं नाव पडलं आणि २०१९ मध्ये ती बनायची थांबली. या दोन्ही गाड्यांना मागे पाटे आहेत, लांब पोलादी पट्ट्यांचे.

शॉकअपचा इतिहास मात्र मला जास्त गोड वाटतो. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात क्लॉड फॉस्टर नावाचा माणूस १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी भोंगे बनवत होता. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर वाजणारे भोंगे. बायबलमधल्या देवदूताच्या तुतारीवरून त्याने त्यांना गॅब्रिएल नाव दिलं. दहा वर्षांनी त्याच कंपनीने गाडीची उसळी आवरणारं साधन काढलं आणि भोंगा मागे पडला. १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना सुरू झाला. आज परभणीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हे नाव काउंटरवरचा पोरगाही सहज घेतो.

आता त्या नळीकडे येऊ. शॉकअप गाडीचं वजन पेलतो, अशी बहुतेकांची समजूत असते. वजन पाटे पेलतात, पुढे स्प्रिंग पेलते. चाक खड्ड्यातून वर आलं की पाटा दबतो आणि दबलेला पाटा साठवलेली शक्ती परत देतो. कोणी अडवलं नाही तर तो बराच वेळ वर-खाली होत राहील. त्या हालचालीला अडवणं एवढंच शॉकअपचं काम.

हे काम तो तेलाकडून करून घेतो. एका नळीच्या आत दुसरी नळी असते. आतल्या नळीत तेल भरलेलं, त्यात पिस्टन आणि पिस्टनला जोडलेला क्रोमचा चकचकीत दांडा. पिस्टनला बारीक भोकं असतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्या. पिस्टन सरकायचा तर तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. नदीच्या पाण्यात हात हळू फिरवला तर पाणी वाट देतं, जोरात आपटला तर हाताला लागतं. तेलही तसंच वागतं. गाडी हळू कलली तर शॉकअप मऊ, दणका बसला तर ताठ. दाब फारच वाढला तर चकत्या वाकतात आणि तेलाला मोठी वाट मिळते. नाहीतर प्रत्येक दणका थेट चासीवर गेला असता.

यातही एक बारकावा आहे, त्याचं मला फार कौतुक वाटतं. नळी दबताना अडथळा कमी ठेवतात आणि ताणताना जास्त. खड्ड्याच्या काठावर चाक चढतं तेव्हा त्याला पटकन वर जाऊ द्यायचं. नंतर पाटा गाडीला वर फेकू पाहतो, तेव्हा तिला धरून ठेवायचं. गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हेलकावते. चाक आणि अ‍ॅक्सल सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतात. ही एकच नळी दोन्ही हालचाली सांभाळते. ना वायर, ना सेन्सर, नुसतं तेल, भोकं आणि चकत्या.

अडवलेली शक्ती जाते कुठे? तेल तापतं. मिस्त्रींची परीक्षा याच तापण्यावर आहे. गाडी खराब रस्त्यावरून फिरवून आणायची आणि लगेच खाली वाकून हाताच्या पाठीने दोन्ही शॉकअप जपून चाचपायचे. मलाही त्यांनी बोलावलं. "हात लावून बघा दादा. ह्यो गरम हाय. अन् ह्यो गारच लागायलाय ना? मग त्यो कामच करीना." गाडीचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळे करतात, पण पाट्यांच्या गाडीवर ती फसवी ठरते. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणानेच गाडी थोडी शांत होते आणि शॉकअप संपलेला असूनही ती पास होते. हात खोटं सांगत नाही.

शॉकअप एका दिवसात जात नाही, माझी काळजी इथेच सुरू होते. आधी सील घासतं, तेल पाझरतं, त्यावर धूळ बसून काळा थर चढतो. चकत्या झिजतात. गाडी रोज थोडी जास्त झुलते आणि चालवणाऱ्याला रोज त्याची सवय होते. पाठीला बसणारा दणका त्याला कळतो, सुटलेली पकड कळत नाही. चाक उसळून जमीन सोडतं, तेवढ्या क्षणांत ना ब्रेक उपयोगाचा, ना स्टिअरिंग. वळणावर खडबडीत डांबर लागलं की मागची बाजू बाहेर सरकते. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते आणि थांबायला जास्त जागा घेते. टायरवर हात फिरवला तर ठरावीक अंतरावर वाट्या पडलेल्या लागतात. शॉकअपला आरामाची वस्तू समजणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. तो ब्रेकच्या रांगेत बसायला हवा.

आणि परभणीत त्याचं आयुष्य कठीणच. इथली काळी माती बेसॉल्ट झिजून बनलेली, कापूस आणि सोयाबीन पिकवणारी. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. डांबराखाली हेच दरवर्षी घडतं. कडेने लांब भेगा पडतात, पावसाचं पाणी आत जातं, भराव बसतो आणि रस्ता लाटांसारखा होतो. कालव्याच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांचं ओझं वेगळंच. कल्याण ते निर्मल राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी असा जातो, त्याच्यावर गाडी पळते. गावाचा फाटा आला की शॉकअपची परीक्षा सुरू होते. पालम-गंगाखेडकडची गाडी आणि पुण्यात फिरणारी गाडी सारख्याच किलोमीटरची असली तरी त्यांच्या शॉकअपचं वय सारखं नसतं. मन्रो ही अमेरिकन कंपनी ८० हजार किलोमीटरनंतर शॉकअप बदलायला सांगते. काळ्या मातीवर तेवढी वाट पाहू नये.

बदलायचं काम कागदावर सोपं दिसतं. वर एक जोड, खाली एक जोड, सोडवा आणि बसवा. जुन्या गाडीत पहिलाच नट अडवतो. कित्येक पावसाळ्यांचा चिखल आणि गंज चढून तो बोल्टशी एकजीव झालेला असतो. मिस्त्री आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवतात, सकाळी वायर ब्रशने आटे साफ करतात आणि मग लांब पाइप लावून जोर देतात. तरी नाही सुटला तर गॅसने तापवायचं. तिथे रबरी बुश आणि ब्रेकचा पाइप जळायची भीती. घाई केली तर चासीवरचा बोल्टच तुटतो आणि तासाभराचं काम वेल्डिंगवाल्याकडे जातं.

गाडी उचलतानाही जपावं लागतं. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं हवेत गेली की त्याचा उपयोग संपतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट, म्हणजे अडसर, लावलीच पाहिजे. चासीखाली स्टँड हवेत. दीड टनाहून जड गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका, हे मिस्त्री बजावून सांगत होते.

नवा शॉकअप खोक्यातून काढून लगेच बसवत नाहीत. आडवा पडून त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरून तो पूर्ण दाबायचा, पूर्ण ताणायचा, असं अडथळा एकसारखा लागेपर्यंत करायचं. दांडा फिरू नये म्हणून कोणी पक्कडीने धरला तर क्रोमवर ओरखडा उठतो, तो ओरखडा सील कापतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत तेल गाळू लागतो. खालचा बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्का आवळायचा. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळला तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ही शेवटची गोष्ट घाईत सर्वांत जास्त वगळली जाते.

यापुढची अडचण पैशाची. एकच शॉकअप गळतोय, एकच बदला, असं गिऱ्हाईक म्हणतं. मग एक बाजू ताठ, एक बाजू ढिली आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. कोणी जुनी नळी कापून, नवं सील आणि मिळेल ते तेल भरून पुन्हा वेल्ड केलेला शॉकअप घेतो. त्याच्या चकत्या जुन्याच असतात. कोणी नामांकित कंपनीच्या खोक्यातला डुप्लिकेट माल स्वस्तात घेतो. भाड्याच्या गाडीला तर गाडी बसते म्हणून जादा पाटा टाकतात. जास्त ताठ पाट्याला जास्त आवर लागतो, शॉकअप मात्र तोच राहतो. मिस्त्री समजावून सांगतात, पण पैसे देणारा मालक गाडीसोबत क्वचितच येतो. येतो तो ड्रायव्हर, त्याला संध्याकाळी जिंतूरची फेरी असते.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी ती वाढवून घेता येते, त्यामुळे या जुन्या गाड्या अजून बराच काळ रस्त्यावर राहणार, माणसं भरून धावणार. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत तिच्याखाली वाकून बघा. नळी ओली, काळी दिसली किंवा फिरून आल्यावर गार लागली, तर दोन्ही बाजूंचे शॉकअप जोडीने बदला, बुशही नवे टाका आणि खालचा बोल्ट गाडी जमिनीवर उतरल्यावर आवळून घ्या.