काचेपुढे काच हवी का?

फेब्रुवारीपासून हिंगोली-वसमत भागात हळदीची काढणी सुरू होते. हळद शिजते, वाळते आणि मग पॉलिशच्या ढोलात पडते. ढोल फिरू लागला की आसपास पिवळ्या धुळीचे लोट उठतात. तिथे फोटो काढणाऱ्याने लेन्सवर यूव्ही फिल्टर लावावा का?

हा फिल्टर फिल्मच्या जमान्यातला. फिल्म अतिनील किरणही टिपत असे, म्हणून दूरचे डोंगर धूसर आणि निळसर येत. डिजिटल कॅमेऱ्यात हे किरण सेन्सरपुढची काचच अडवते. आता फिल्टर उरला तो राखणीपुरता.

ही राखण फुकट होत नाही. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे जवळपास ८ टक्के. उत्तम बहुस्तरीय लेप असेल तर हे नुकसान एका टक्क्याच्या आसपास येते. दिवसा ते जाणवत नाही. पण दसऱ्याच्या रात्री रामलीला मैदानावर रावण पेटला की परिस्थिती बदलते. ज्वाळांचा काही प्रकाश सेन्सरवरून मागे फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आदळतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. फोटोतल्या काळ्या आकाशात उलटी, फिकट ज्वाळा उमटते.

धुळीचे गणित वेगळे. हळदीची भुकटी मऊ असते, पण तिच्यात मिसळलेल्या मातीत क्वार्ट्झचे कण असू शकतात. मोस काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचे काठिण्य ७, काचेचे साधारण साडेपाच. नुसत्या बसलेल्या धुळीने ओरखडा उठत नाही, घाईने रुमाल फिरवला की उठतो. पुन्हा पुन्हा पुसावे लागणार असेल, तिथे स्वस्तात बदलता येणारा फिल्टर कामाला येतो. कॅमेरा पडून फिल्टर फुटला, तर त्याच्यामुळेच लेन्स वाचली असे मात्र लगेच समजू नये. फिल्टरची पातळ काच लेन्सच्या जाड काचेपेक्षा सहज तडकते. धक्का झेलायला हूड बरा.

धुळीपासून काच जपण्याची दुसरी तऱ्हाही आहे. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. चार किलोमीटरच्या भुजांमध्ये धावणाऱ्या लेझरसाठी तिथले आरसे निर्वातात असतील. जोडणीच्या वेळीही ते धूळमुक्त खोल्यांतच हाताळावे लागतात. तिथे धूळ आरशापर्यंत पोहोचूच दिली जाणार नाही. छायाचित्रकाराला बाजारात निर्वात कुठून मिळणार! म्हणून ढोलाजवळ फिल्टर लावावा, रावणदहनाला काढावा. आणि दोन्हीकडे आधी ब्लोअरने धूळ उडवावी, मगच काच पुसावी.