नोव्हेंबरचा आकडा

४,१८८.५ फूट. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकचं पाणी समुद्रसपाटीपासून एवढ्या उंचीवर येऊन थांबलं. १८४७ पासूनच्या नोंदींत याहून खालचा आकडा नाही. पुढच्या हिवाळ्यात युटात विक्रमी बर्फ पडलं आणि जून २०२३ मध्ये पातळी सुमारे ४,१९४ फुटांवर गेली. सात महिन्यांत साडेपाच फूट! क्रेनने उचलून किनाऱ्यावर मांडून ठेवलेल्या शिडाच्या नौका पुन्हा पाण्यात उतरू लागल्या आणि तळं वाचलं अशी हवा झाली. नौकावाल्यांचा आनंद समजण्यासारखा आहे. पण या तळ्याचा हिशेब जूनमध्ये मांडण्याची घाई नडते. का, ते पाहू.

बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन नद्या तळ्याला पाणी देतात. बाहेर जाणारी नदी एकही नाही. आलेल्या पाण्याला वाट एकच, वाफ होऊन वर जाण्याची. नद्यांचं पाणी मुख्यतः डोंगरातलं वितळलेलं बर्फ असतं, त्यामुळे पातळी मे-जूनच्या सुमाराला वर्षातल्या कमाल आकड्याला पोचते. मग कोरडा, कडक उन्हाळा सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पातळी उतरत राहते. ही घट साधारण दोन फुटांची, एखाद्या वर्षी अडीच-तीन फुटांची. म्हणजे नौकाविहाराचा हंगाम सुरू होतो तो उतरणीच्या तोंडावर.

वाफेचा आकडा आपल्या मापात सांगायचा तर तळ्यातून वर्षाला सरासरी सुमारे १२६ टीएमसी पाणी उडून जातं. कोयना धरण काठोकाठ भरलं तर १०५ टीएमसी. दरवर्षी एक कोयना आणि वर थोडं, नुसतं आकाशात.

एवढ्या मोठ्या तळ्याला दोन फुटांचं काय, असं वाटेल. तळं सुमारे १२० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. पण पातळी सरासरीइतकी, म्हणजे ४,२०० फूट असते, तेव्हाही त्याची सर्वांत जास्त खोली जेमतेम ३३ फूट भरते. आपल्याकडच्या कित्येक विहिरी याहून खोल असतील. ४,२०० फुटांना पाण्याचा पसारा सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर असतो. १९६३ मध्ये पातळी ४,१९१.३५ फुटांपर्यंत उतरली, तेव्हा तो जवळपास २,४६० चौरस किलोमीटर उरला होता. पावणेनऊ फुटांत तळं निम्म्याच्या जवळ आलं. भागाकार करून पाहिला तर पाणी एक फूट उतरलं की सरासरी सव्वादोनशे चौरस किलोमीटर तळ उघडा पडतो. किनाऱ्याच्या जागी मैल मैल पांढरट चिखल दिसू लागतो आणि बेटं जमिनीला जोडली जातात.

आता नौकेकडे वळू. शिडाच्या नौकेच्या पोटाखाली वजनदार कील असतो, तो तिला वाऱ्यात कलंडू देत नाही. पंचवीस-तीस फुटी नौकेचा कील पाण्यात चार ते सहा फूट खोल जातो. समजा, एखाद्या बंदराचा तळ ४,१८७ फुटांवर आहे. पाणी ४,१९४ ला असेल तर खाली सात फूट पाणी मिळतं आणि पाच फूट कीलची नौका आरामात सुटते. तेच पाणी ४,१९१ ला आलं की चार फूट उरतात, आणि ती नौका जागच्या जागी चिखलात बसते. २०२१ आणि २०२२ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या सरकारी बंदरात हेच झालं. सुमारे तीनशे नौकांच्या त्या बंदरातून शिडाच्या नौका एकेक करून क्रेनने बाहेर काढाव्या लागल्या. तिथला यॉट क्लब १८७७ चा आहे, आणि शर्यती लावणारी माणसं पाण्याअभावी किनाऱ्यावर उभी होती. वल्ह्याची कयाक मात्र वीतभर पाण्यातही निघते, म्हणून तळ्याच्या बातमीत ‘बोटिंग सुरू’ असं वाचलं तर कुठली बोट, हे विचारायला हवं.

खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते, मग नौकेला तेवढा फायदा होत नसेल का? होतो, पण किती ते मोजू. तळ्याच्या दक्षिण भागात क्षार साधारण १२ टक्के धरले तर पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी जास्त होते. पाच टनी नौका, पाण्याच्या रेषेवर तिचा छेद पंधरा चौरस मीटर, असं धरून गणित केलं की नौका गोड्या पाण्यातल्यापेक्षा सुमारे एक इंच वर उचलली जाते. मीठ एक इंच देतं, उन्हाळा दोन फूट नेतो.

उलट मिठाचा जाच बराच. दोरावर उडालेलं पाणी वाळलं की दोर काठीसारखा ताठ होतो. डेकवर पांढरा थर चढतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी आत खेचलेलं पाणी नळ्यांत मीठ सोडून जातं, त्यामुळे फेरीहून परतल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुऊन काढण्यावाचून सुटका नसते. लाटासुद्धा जड असतात. उथळ, घट्ट पाण्यात त्या आखूड आणि उभ्या उठतात आणि नौकेवर आदळतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी डोंगरावरून ढग गडगडत आला की शांत पाणी पाहता पाहता उसळतं. वारा एका दिशेने जोर धरून राहिला तर पाणी एका टोकाला लोटलं जातं आणि दुसऱ्या टोकाला पातळी फूटभर, कधी त्याहून जास्त खाली जाते. पातळी पुरेशी असूनही परतताना बंदराच्या तोंडाशी कील घासू शकतो, तो असा.

शिवाय ‘तळ्याची पातळी’ एक नाहीच, दोन आहेत. १९०४ मध्ये रेल्वेने तळ्यावरून लाकडी पूल नेला. १९५९ मध्ये त्याच्या जागी दगड-मातीचा भराव आला आणि तळ्याचे दोन तुकडे झाले. तिन्ही नद्या दक्षिणेला मिळतात. उत्तरेच्या भागाला भरावातल्या फटीतून येईल तेवढंच पाणी. तिथली पातळी एरवी दक्षिणेपेक्षा खाली राहते आणि क्षार २६-२८ टक्क्यांवर, म्हणजे पाण्यात आणखी मीठ विरघळू नये इतके. समुद्रात हे प्रमाण साडेतीन टक्के आहे. मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे उत्तरेचं पाणी गुलाबी दिसतं. जून २०२० मध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने याच घराण्यातल्या जीवांकडे बोट दाखवलं होतं.

या भरावानेच २०२३ चा आकडा थोडा फुगवला. २०२२ च्या शरदात दक्षिणेचे क्षार १९ टक्क्यांच्या आसपास पोचले होते. एवढ्या खारटपणात मीठमाश्या आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे इवले जीव) तग धरेनात, आणि या दोघांवर लाखो पक्षी पोसतात. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये भरावातल्या फटीतला बांध उंच करून गोडं पाणी दक्षिणेला अडवलं गेलं. उपाय योग्यच होता. पण दक्षिणेच्या पातळीतली वाढ म्हणजे सगळ्या तळ्याची वाढ, असं नाही.

जुन्या आकड्यांकडेही जाऊन येऊ, कारण त्यांच्यामुळे पुष्कळांना खोटा धीर येतो. १९८६-८७ मध्ये पाणी जवळपास ४,२१२ फुटांवर होतं. हमरस्ता आणि रेल्वे पाण्यात जाऊ लागली, तेव्हा राज्याने सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून पंप बसवले आणि १९८७ ते १९८९ तळ्याचं पाणी पश्चिमेच्या वाळवंटात ओतलं. त्या वेळच्या आणि २०२२ च्या पातळीत तेवीस फुटांचं अंतर आहे. ‘तळं वरखाली व्हायचंच’ म्हणणारे याच चढउताराचा दाखला देतात. त्यात तथ्य अर्धंच आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, माणसांनी नद्यांतून पाणी उचललं नसतं तर तळं अकरा फूट वर असतं. उचललेल्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा शेतीचा, आणि शेतीत मुख्यतः जनावरांच्या चाऱ्याचा, म्हणजे लसूणघासाचा. पाऊस-बर्फ कमीजास्त होतं, पाण्याची ही उचल मात्र दरसाल चालूच राहते.

आता जून सोडून नोव्हेंबर ते नोव्हेंबर हिशेब मांडू. २०२२ मध्ये ४,१८८.५. मधे विक्रमी बर्फाचं वर्ष आलं, २०२४ च्या वसंतात दक्षिण भाग ४,१९५ लाही स्पर्शून आला. आणि २०२५ च्या शरदात आकडा पुन्हा ४,१९१ च्या आसपास, १९६३ च्या नीचांकाच्या शेजारी. जूनच्या आकड्यावर साडेपाच फुटांचा उत्सव झाला होता. तीन वर्षांनी पदरात राहिले अडीच फूट.

नोव्हेंबरचा आकडा ज्यांच्या थेट पोटावर येतो ते लोक विहारासाठी येत नाहीत. आर्टेमियाची सूक्ष्म अंडी गोळा करणाऱ्या नौकांचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणजे पाणी वर्षातल्या तळाला असताना. जगातल्या अशा अंड्यांचा सुमारे ४० टक्के पुरवठा या एका तळ्यातून होतो. कोळंबीच्या पिलांचं ते पहिलं खाद्य असतं आणि भारतातल्या कोळंबी-बीज केंद्रांनाही ते लागतं. शिडाची नौका उन्हाळाभर फिरून सप्टेंबरात बाहेर काढता येते. यांना तेव्हाच बंदरातून निघायचं असतं.

तळ्याला निरोगी म्हणण्याची खालची मर्यादा ४,१९८ फूट धरली आहे. २०३४ मध्ये सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक आहे, आणि राज्याच्या नेत्यांनी तोवर ही पातळी गाठण्याचं लक्ष्य जाहीर केलं आहे. ४,१९१ पासून सात फूट, आठ-नऊ वर्षांत. वर्षाला पाऊण-एक फूट, गेल्या तीन वर्षांची सरासरीही तेवढीच. फरक इतकाच की त्या तिन्हींत विक्रमी हिवाळा धरलेला आहे. शिवाय सगळे फूट सारख्या किमतीचे नाहीत. ४,१९१ च्या पसाऱ्यावर एक फूट चढवायला सुमारे २६ टीएमसी पाणी लागतं, ४,२०० च्या पसाऱ्यावर ४७. पाणी पसरेल तशी वाफही वाढते. त्यामुळे सातवा फूट पहिल्यापेक्षा बराच महाग पडणार, आणि तो ज्या पाण्यातून यायचा ते आज बेअर नदीच्या काठी लसूणघासाला दिलं जातं.