घाई कोणती आणि कोणाची?

मूल जन्मले की सूतिकागृहाच्या दाराशी ताटकळणाऱ्या आप्तांचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा की मुलगी?’ बहुधा त्याचे उत्तर तत्काळ मिळते. परंतु काही अर्भकांच्या बाह्य जननेंद्रियांवरून ते देता येत नाही. काहींचे बाह्य रूप एक सांगते, तर गुणसूत्रे वा आतील ग्रंथी दुसरेच सांगतात. अशा मुलांना आंतरलिंगी म्हणतात. त्यांच्यावर कोणते उपचार करावेत, केव्हा आणि कोणाच्या संमतीने, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम खरी निकड कोणती ते पाहू. मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. काही बालकांत त्या कॉर्टिसॉल आणि शरीरातील मीठ राखणारे संप्रेरक पुरेसे निर्माण करीत नाहीत. पुरुषी संप्रेरके मात्र वाजवीपेक्षा अधिक स्रवतात. त्यामुळे मुलीची जननेंद्रिये मुलासारखी भासू लागतात. पहिल्या दोनतीन आठवड्यांतच अंगातील मीठ झपाट्याने निघून जाते, वांत्या होतात, रक्तदाब खालावतो, आणि निदान न झाल्यास मूल दगावते. येथे क्षणाचाही विलंब नको. परंतु हा उपाय औषधांचा आणि मिठाचा आहे, शस्त्राचा नव्हे. इंद्रियाचा आकार बदलल्याने मीठ काही शरीरात टिकत नाही! मूत्रमार्गात अडथळा असेल किंवा ग्रंथीत कर्करोगाचे भय मोठे असेल, तर शस्त्रक्रिया करावीच लागते. तथापि हे भयही सर्व प्रकारांत सारखे नसते, आणि काही प्रकारांत मूल वयात येईपर्यंत थांबता येते.

मग केवळ रूप बदलण्यासाठी शस्त्रक्रिया करण्याची चाल आली कोठून? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत १९५० नंतरच्या दशकात जॉन मनी व त्यांचे सहकारी यांनी असे मत मांडले की, पहिल्या दीडदोन वर्षांत जसे वाढवावे तसे मूल स्वतःला मुलगा वा मुलगी मानते. म्हणून शरीरही लवकर निःसंदिग्ध करावे. त्यांचा मोठा दाखला होता कॅनडातील एका मुलाचा. तो आंतरलिंगी नव्हता. शस्त्रक्रियेतील अपघाताने इंद्रिय गमावल्यामुळे त्याला मुलगी म्हणून वाढविले होते. प्रयोग यशस्वी झाल्याचे जगाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्याने किशोरवयातच ती ओळख झुगारली होती, हे १९९७ साली मिल्टन डायमंड आणि कीथ सिगमंडसन यांनी उघड केले.

आईबापांची भीती खोटी नसते. शेजारणीने लंगोट बदलताना पाहिले तर काय, शाळेत पोरे चिडवतील काय, या चिंतेने ते होकार देतात. मोठेपणी त्रास होण्यापेक्षा न कळत्या वयात उरकलेले बरे, असे काही शल्यविशारदही म्हणतात. परंतु भीती वडीलधाऱ्यांची आणि व्रण मुलाच्या अंगावर, हा कोठला न्याय? गेलेली संवेदना किंवा काढून टाकलेली जननग्रंथी परत येत नाही.

२२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे खटला होता तो वस्तुतः एका विवाहाच्या नोंदणीचा. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी नोंदणीचा आदेश तर दिलाच. शिवाय, पालकांची संमती ही मुलाची संमती मानता येत नाही, असे सांगून अशा शस्त्रक्रियांवर बंदी घालण्यास राज्य सरकारला फर्माविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जिवावरचे प्रसंग वगळून, तामिळनाडूने ती बंदी घातली. युरोपातील माल्टाने असा कायदा २०१५ सालीच केला होता.

तर मग मुलाला वाढवायचे कसे? तज्ज्ञांच्या सल्ल्याने मुलगा वा मुलगी म्हणून नाव ठेवावे, शाळेत घालावे. नाव आणि पोशाख पुढे बदलता येतात. वयाला साजेशा शब्दांत मुलाला त्याच्या शरीराची खरी हकीकत सांगत जावे. आणि रुग्णालयाचे सारे कागद जपून ठेवावेत, कारण आपल्या देहाचे काय केले गेले हे ज्यांना मोठेपणी जुन्या कागदांवरूनच कळले, अशी माणसे पुष्कळ आहेत.