एप्रिलमध्ये पडलेला जुलैचा पाऊस

परतवाड्याहून धारणीकडे निघाले की मेळघाटाच्या जंगलात, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव लागते. समजा, तेथील मुलांनी शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसविला आणि जुलै २०२४ मध्ये रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहिला. तारखा लिहिल्या आपल्या नेहमीच्या रीतीने : १/७/२०२४, २/७/२०२४ वगैरे. रोज थोडाबहुत पाऊस पडला असेही धरू. महिनाअखेरीस या नोंदी संगणकाला देऊन आलेख मागितला. (असे अनेक आलेख एकत्र दाखविणाऱ्या पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. मोटारीच्या चालकापुढील फलकावरून हे नाव पडले.)

आलेख पाहून मुले चक्रावली. जुलैत पाऊस एकाच दिवशी, ७ तारखेला! मात्र ७ जानेवारीला पाऊस, ७ फेब्रुवारीला पाऊस, आणि ऐन उन्हाळ्यात ७ एप्रिललाही पाऊस.

हे कसे झाले? संगणक तारीख आपल्यासारखी ओळखत नाही. तो एका ठरावीक दिवसापासून दिवस मोजतो. तक्ते करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, म्हणून १ जुलै २०२४ चा क्रमांक ४५४७४ येतो. (१९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस धरलेला आहे! जुने हिशेब बिघडू नयेत म्हणून ही चूक तशीच ठेवली आहे.) आलेखाच्या क्ष-अक्षावर जागा मिळते ती या क्रमांकानुसार.

क्रमांक काढण्यापूर्वी १/७ मधील दिवस कोणता आणि महिना कोणता, हे ठरवावे लागते. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर १/७ म्हणजे ७ जानेवारी, ४/७ म्हणजे ७ एप्रिल आणि १२/७ म्हणजे ७ डिसेंबर. १३/७ ला तो अडतो, कारण तेरावा महिना नाही. मग ती नोंद तारीख न राहता नुसती अक्षरे म्हणून पडून राहते आणि आलेखात येतच नाही. म्हणजे जुलैच्या ३१ नोंदींपैकी १ जागेवर राहिली, ११ वर्षभर विखुरल्या आणि १९ गळाल्या.

एप्रिलमधला पाऊस निदान डोळ्यांत तरी खुपतो. मला अधिक भीती वाटते ती न खुपणाऱ्या चुकांची. ७/६ म्हणजे आपला ७ जून. यंत्राने तो ६ जुलै वाचला, तर कोणाला शंका येईल? दोन्ही दिवस पावसाळ्यातलेच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अशा १२ तारखा आहेत. त्या मुकाट्याने आपापसांत जागा बदलतात, आणि पाऊस कधी सुरू झाला, खंड कधी पडला, याचे निष्कर्ष चुकतात. पेरणीचा विचार अशा आलेखावरून करणाऱ्याची ती फसगतच होय.

उपाय सोपा आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा : २०२४-०७-०४. यातील शून्ये गाळू नयेत. अक्षरांच्या क्रमाने लावताना यंत्र १० ला २ च्या आधी ठेवते, पण ०२ हा १० च्या आधीच येतो.

आणखी एक चकवा वेळेचा आहे. नुसती तारीख दिली, तर यंत्र पुष्कळदा तिला मध्यरात्रीची वेळ जोडते. भारतात ६ जुलैचे ० वाजतात, तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार ५ जुलैचे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत. यंत्राने त्या वेळेप्रमाणे तारीख छापली, की सगळा आलेख एक दिवस मागे सरकतो. नोंदीची खरी वेळ, सकाळचे साडेआठ, सोबत दिली तर जागतिक वेळ पहाटे ३ येते आणि तारीख तीच राहते.

भारतीय हवामान खात्याची पाऊस मोजण्याची वेळही हीच. ६ जुलैच्या सकाळी मोजलेला पाऊस आधीच्या २४ तासांचा असतो. त्यांतील साडेपंधरा तास ५ जुलैचे. तेव्हा ५ तारखेच्या संध्याकाळी कोसळलेल्या सरींनी सिपनेला पूर आलेला साऱ्या गावाने पाहिला, तरी वहीत तो पाऊस ६ जुलैसमोरच लिहायचा. ही चूक नव्हे, ठरलेला संकेत आहे.