वंदनेला वाकलं की घर फिरतं

"पंचांग प्रणामाले वाकली का घर फिरते वो." विहारात एखादी आजी हमखास असं सांगते. शेजारची विचारते, "आन् अगरबत्तीचा वास येते का?" तोही येत नसेल, तर घरचे घाबरतात. चक्कर आणि वास, दोन्ही डोक्यातलंच, म्हणजे मेंदूत बिघाड असणार. मग उसनवारी करून एमआरआय काढायचं ठरतं. पैसे उचलण्याआधी एवढं वाचा.

चक्कर हा मेंदूचाच रोग, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. १८६१ साली पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी मांडलं की गरगरणं, कानात आवाज आणि बहिरेपण एकत्र येतात तेव्हा मूळ कानाच्या आत असू शकतं. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन वाटोळ्या नळ्या आहेत. डोकं कुठं वळलं हे त्या मेंदूला कळवतात. जवळच कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते सुटून नळीत शिरले की वाकताना, कूस बदलताना घर फिरतं, बहुधा मिनिटभराच्या आत थांबतं. वंदनेतली गरगर बरेचदा हीच. यात डॉक्टर खाटेवर झोपवून डोकं ठरावीक क्रमाने वळवतात आणि कण जागेवर आणतात. अनेकांना एकदोन खेपांत आराम पडतो. त्यासाठी एमआरआय लागत नाही.

वासाची वाट वेगळी. नाकाच्या छताला चाळणीसारखं हाड आहे. त्यातून बारीक नसा वर जातात आणि मेंदूखालच्या दोन चिमुकल्या गंधकंदांना मिळतात. एमआरआयवर हे कंद दिसतात, मोजताही येतात. वय वाढलं, डोक्याला मार लागला, विषाणूने वास गेला, की ते लहान झालेले आढळतात.

मग कानाच्या रोग्यांत संशोधक वासाच्या जागा का तपासतात? कारण मेंदूत दोघांच्या वाटा जवळ येतात. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग जागा आणि आठवणी सांभाळतो. तोलाची खबर तिथे पोचते, वासाचीही. २००५ मध्ये जर्मन संशोधकांनी दोन्ही कानांच्या तोलाच्या नसा गेलेल्या दहा जणांचे मेंदू एमआरआयवर मोजले. त्यांचा हिप्पोकॅम्पस निरोगी लोकांपेक्षा सुमारे १७ टक्के लहान निघाला, आणि रस्ता लक्षात ठेवणंही त्यांना जड जात होतं. लक्षात घ्या, त्यांच्या नसा पूर्ण तुटलेल्या होत्या. मिनिटभराच्या गरगरीला हा आकडा लावू नका.

वासाचं म्हणाल तर आपल्याला २०२१ चा फेब्रुवारी आठवतो. अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली आणि फोडणीचा वासही न येणारी माणसं घरोघरी होती. पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या ७८५ जणांच्या दोन-दोन स्कॅनचा अभ्यास छापून आला. मधल्या काळात कोविड झालेल्या ४०१ जणांत वासाशी जोडलेल्या काही भागांची जाडी थोडी जास्त घटलेली होती. पण असे फरक गटाच्या सरासरीत दिसतात. तुमच्या आईचा एकच फोटो पाहून चक्कर कानाची की कशाची, हे गंधकंदावरून कोणी ठरवू शकत नाही. कोणी त्यासाठीच एमआरआय सांगत असेल, तर "यानं उपचार काय बदलणार?" असं बिनदिक्कत विचारा.

एमआरआय खरंच लागतो तो इथे: एका कानाचं ऐकू येणं कमी होत चाललंय, किंवा चक्करेसोबत बोलणं अडखळतं, चेहरा वाकडा होतो, हातपाय लुळा पडतो, दोन-दोन दिसतं, उभं राहवत नाही. अशी लक्षणं अचानक आली तर भगताकडे नाही, १०८ ला फोन करायचा. बाकी वेळी अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथे कान-नाक-घसा विभागात दाखवा. चक्कर किती वेळ टिकते, कशाने येते, वास कधीपासून गेला, हे लिहूनच न्या.

वास घरी पाहायचा तर डोळे मिटून चहापत्ती, लसूण, साबण नाकाशी धरा. बाम नको, तो झोंबतो दुसऱ्याच नसेमुळे, वास गेलेल्यालाही. आणि जिला वास येत नाही तिच्यावर गॅसची शेगडी बंद करायचं काम एकटीवर सोडू नका. रात्री रेग्युलेटर दुसऱ्या कोणीतरी पाहावा.