कच्चा आहार : ज्युसरच्या आधी चाळणी घ्या!

कच्च्या आहाराची आवड आता लहान गावांतही वाढली आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या गप्पांत गव्हांकुराचा रस, दुधीचा रस, मोड आलेली कडधान्ये हे विषय हमखास असतात. कोणी आठवड्यातून एक दिवस कच्चे खातो, कोणी रात्री फळे आणि कोशिंबिरीवर राहतो, तर कोणी गॅसच बंद करण्याची भाषा बोलतो. या साऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘ज्युसर कोणता घ्यावा?’

खरे म्हणजे हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. कच्च्या आहाराला लागणारी बहुतेक साधने आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काकडी कोचवून केलेली खमंग काकडी, गाजराची कोशिंबीर, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ हे सगळे कच्चेच पदार्थ आहेत, आणि ते विळी, किसणी व पाट्यावर होत आले आहेत. काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यावी लागते. शिजवताना आग नुसते अन्न मऊ करत नाही, ती जंतूही मारते. आग काढून घेतली की ते काम धुण्यावर, चिरण्यावर आणि भांड्यांच्या स्वच्छतेवर येते. म्हणून साधने निवडताना ‘रस किती निघतो’ याआधी ‘हे नीट धुता येते का’ हे पाहावे.

जुने प्रयोग काय सांगतात?

स्वित्झर्लंडमधील झुरिचचे डॉ. बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना कच्चा आहार देण्यास सुरुवात केली. त्यांचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे भिजवलेल्या ओटमध्ये किसलेले सफरचंद, लिंबाचा रस आणि कवचाची फळे. हाच पुढे ‘म्यूस्ली’ या नावाने जगभर गेला. त्याला लागणारे मुख्य साधन एकच, किसणी!

आपल्याकडे महात्मा गांधींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, वाटलेला हिरवा पाला, लिंबू आणि मध असा तो आहार होता. काही महिन्यांतच त्यांना आमांशाचा त्रास झाला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा मात्र कायम राहिली. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे १९४६ साली त्यांच्याच प्रेरणेने निसर्गोपचाराचे काम सुरू झाले. एवढ्या शिस्तीच्या माणसालाही हा आहार जपून घ्यावा लागला, हे आपण ध्यानात ठेवावे.

पहिला खर्च धुण्यावर

दोन मोठी पातेली किंवा टोप, एक स्टीलची मोठ्या भोकांची चाळणी आणि भाजीसाठी वेगळा मऊ ब्रश, ही पहिली खरेदी. पालेभाजी धुताना पाणी ओतून टाकू नये. भरपूर पाण्यात पाला बुडवून हलवावा आणि हाताने वर उचलून दुसऱ्या पातेल्यात टाकावा. माती तळाशी राहते. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हे करावे आणि शेवटचे पाणी पिण्याचे, शुद्ध असावे. धुऊन झालेला पाला चाळणीत निथळू द्यावा.

गाजर, बीट, मुळा ब्रशने घासून धुवावेत आणि मगच साल काढावी. न धुतलेल्या सालीवर सुरी फिरवली की सालीवरची घाण आतल्या गरावर जाते. हाच नियम कलिंगड व खरबुजालाही लागू आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत आणि बाकीची सुटी करून धुवावीत. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या सुटतात, पण जंतू मरतात असे नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? अनेक गावांजवळ नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवली जाते. अशा भाजीवर विषमज्वर, कावीळ व आमांशाचे जंतू असू शकतात, तशीच फीतकृमीची अंडीही. ही अंडी पोटात जाऊन कृमीच्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचल्या तर फिट्स येऊ लागतात. उसळीत किंवा भाजीत हा धोका आगीमुळे टळतो. कोशिंबिरीत तो धुण्यानेच टाळावा लागतो. भाजी कोणत्या पाण्यावरची आहे याची खात्री नसेल, तर ती शिजवूनच खावी.

विळी, सुरी आणि पाट

लोखंडी विळीला गंज चढतो आणि तिच्यावर चिरलेले आवळे, सफरचंद, कच्ची केळी लगेच काळी पडतात. कच्च्या आहारासाठी स्टीलचे पाते असलेली विळी किंवा चांगली सुरी घ्यावी. पाते धारदार हवे. बोथट पात्याने फळ चेंगरते, रस वाहतो आणि बोटही कापते. सुरी घेताना मुठीत आणि पात्यात फट नाही ना, हे पाहावे. त्या फटीत अन्नाचे कण साचतात.

मांसाहारी घरात कच्च्या भाजीची सुरी आणि पाट पूर्णपणे वेगळे ठेवावेत. मासळी किंवा कोंबडी चिरलेल्या पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरणे धोक्याचे आहे, कारण मासळी पुढे शिजते, काकडी शिजत नाही. पाट लाकडी असो वा प्लॅस्टिकचा, खोल चरे पडले की बदलावा. रोज साबणाने घासून तो उभा ठेवावा, शक्य तर उन्हात वाळवावा.

किसणी, खलबत्ता, पाटा

किसणी स्टीलची, एकाच पत्र्याची आणि जाड घ्यावी. पातळ पत्र्याची किसणी दाबली की वाकते आणि तिच्या भोकांत गंज लवकर धरतो. एका बाजूला बारीक व दुसऱ्या बाजूला जाड भोके असतील तर उत्तम. दात नसलेल्या वृद्धांना आणि लहान मुलांना कच्चे गाजर तुकड्यांनी देऊ नये, घशात अडकते. त्यांना बारीक किसूनच द्यावे.

दाण्याचे कूट, लसूण, मिरे यांसाठी खलबत्ता पुरेसा आहे. पाटा-वरवंटा असेल तर त्याचा आनंदाने उपयोग करावा. मात्र पाट्याला नुकतीच टाकी लावली असेल तर आधी मूठभर तांदूळ वाटून ते फेकून द्यावेत, म्हणजे दगडाची कच निघून जाते. टाकीच्या खळग्यांत कालचे वाटण राहू नये म्हणून पाटा ब्रशने धुवावा. शेंगदाणे कुबट किंवा बुरशीचे असतील तर ते कुटण्यासाठी नव्हे, टाकण्यासाठी आहेत.

मिक्सर, ज्युसर की ‘कोल्ड प्रेस’?

घरात मिक्सर असेल तर सुरुवातीला दुसरे यंत्र घेऊ नये. नवा घ्यायचा असेल तर चार माणसांच्या घराला ५०० वॅटचा पुरतो. सुके व कडक पदार्थ फार दळायचे असतील तर ७५० वॅटचा घ्यावा. आयएसआय चिन्ह, तीन पिनांची वायर आणि स्टीलचे भांडे पाहावे. आणि दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : पाती आणि झाकणाचे रबर आपल्या गावात मिळते का? वापरानंतर रबर काढून धुवावे. पात्यांच्या खाली चिकटलेले वाटण हे जंतूंचे आवडते घर असते.

साध्या ज्युसरमध्ये जाळी वेगाने फिरते, रस गाळला जातो आणि चोथा वेगळा पडतो. गाजर, बीट, सफरचंद यांना तो ठीक आहे, पण पाल्याचा रस त्यात नीट निघत नाही. ‘कोल्ड प्रेस’ यंत्रात मळसूत्र हळू फिरून फळ दाबते. रस जास्त निघतो, फेस कमी येतो, मात्र किंमत बरीच जास्त असते. केवळ गव्हांकुरासाठी यंत्र हवे असेल तर टेबलाला अडकवून हाताने फिरवायचे मळसूत्राचे यंत्र स्वस्त पडते आणि वीज गेली तरी चालते.

‘कोल्ड प्रेस’मध्ये एन्झाइम जिवंत राहतात अशी जाहिरात केली जाते. वनस्पतीतील एन्झाइम ही प्रथिने असतात आणि जठरातील आम्लात इतर प्रथिनांप्रमाणेच बहुतांशी पचून जातात. त्यांच्यासाठी हजारो रुपये खर्च करण्याचे कारण नाही. ‘क’ जीवनसत्त्व हवेने कमी होते हे खरे, पण त्यावर उपाय म्हणजे रस काढताच पिणे.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. रस काढला की चोथा जातो, आणि चोथा म्हणजेच पोट साफ ठेवणारे तंतू. एक पेला गाजराच्या रसाला साधारण अर्धा किलो गाजरे लागतात. तेवढी गाजरे आपण चावून एका बैठकीत खाणार नाही, पण रसातून त्यांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते. मधुमेही व्यक्तीने फळ चावून खावे, रस पिऊ नये. ज्याचे दात शाबूत आहेत त्याच्याजवळ सर्वांत उत्तम यंत्र आहेच!

दुधीचा रस : आधी चव, मग मिक्सर

हा परिच्छेद कृपया घरातील सर्वांना वाचून दाखवावा. कडू दुधीत ‘कुकुरबिटासिन’ नावाचे विष असते. कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. दुधी मिक्सरमध्ये टाकण्यापूर्वी त्याचा छोटा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि संपूर्ण दुधी फेकून द्यावा. दुधीच्या रसात आवळा, कारले किंवा इतर रस मिसळू नये, कारण त्यात कडूपणा लपतो. ‘कडू तेवढे औषधी’ ही समजूत येथे जिवावर बेतते. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा किंवा चक्कर सुरू झाली तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना गाठावा. कडू काकडी आणि कडू दोडकाही असेच टाकून द्यावेत.

मोड आणण्याची भांडी

मोडासाठी महागडा ‘स्प्राउट मेकर’ लागत नाही. स्वच्छ सुती फडके आणि चाळणी पुरते. पण ओलावा आणि ऊब मोडांना आवडते तशी जंतूंनाही आवडते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई-कोलाय या जंतूची मोठी साथ पसरली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. जंतू बियांबरोबरच आले असावेत, असा तपासाचा निष्कर्ष होता.

म्हणून फडके दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे. कडधान्य निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन आठ ते बारा तास भिजवावे, ते पाणी टाकावे आणि मोड येताना सकाळ-संध्याकाळ शुद्ध पाण्याने खळबळून घ्यावे. आंबूस वास किंवा चिकटपणा आला तर मोह सोडावा. पावसाळ्यात, तसेच गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी मोड चांगले वाफवूनच द्यावेत.

भांडे कशाचे?

लिंबू, चिंच, दही, टोमॅटो असलेले पदार्थ स्टील, काच किंवा चिनीमातीच्या भांड्यात ठेवावेत. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ते कळकतात आणि अॅल्युमिनियमही आंबट पदार्थाने झिजते. फ्रीज नसेल तर चिरलेले फळ साठवू नये, खाण्याच्या वेळीच चिरावे. फळे सुकवण्यासाठी विजेचे यंत्र सुचवले जाते. खानदेश-विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. तेथे एक परात आणि माशा न बसतील अशी जाळी एवढेच पुरते.

हे कच्चे खाऊ नये

राजमा कच्चा किंवा नुसता भिजवून कधीही खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य चांगले उकळल्यावरच नष्ट होते. पावटा, सोयाबीन, सुरण, अळू हेही शिजवूनच खावेत. हिरवा पडलेला बटाटा शिजवूनही खाऊ नये. दूध मात्र कोणत्याही आहारात उकळूनच घ्यावे.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम बदलल्यास साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. केवळ कच्च्यावर दीर्घकाळ राहणेही हितकर नाही. जर्मनीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा आहारावरील अनेकांचे वजन फार घटलेले आणि पुष्कळ स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली. दूधही सोडणाऱ्यांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते.

तेव्हा रोजच्या वरण-भात, भाजी-भाकरीबरोबर एक वाटी कोशिंबीर आणि एक फळ, ही बहुतेकांसाठी योग्य सुरुवात आहे. त्यासाठी चाळणी, ब्रश, धारदार सुरी, वेगळा पाट आणि किसणी अशा क्रमाने खरेदी करावी. ही पाच साधने सहा महिने नेमाने वापरली गेली, तर मग खुशाल ज्युसरच्या दुकानात जावे. तोपर्यंत कदाचित त्याची गरजही वाटणार नाही.