नवरा अंथरुणाला खिळलेला असेल तर रात्र कशी सांभाळायची?

मैत्रिणींनो, वालीवच्या गाळ्यात कुणाला अपघात होतो, कुणाला लकवा मारतो, आणि घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो. दिवसा कुणी ना कुणी डोकावून जातं. रात्री मात्र बाई एकटीच असते, आणि सकाळी तिलाच डबा भरून कामावर जायचं असतं. म्हणून रात्रीचं काम आधीच आखून ठेवायला हवं.

कूस बदलणं. एकाच जागी भार पडून राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरायला लागते. यालाच बेडसोर म्हणतात. माकडहाड, खुबे आणि टाचा इथे तो लवकर होतो. म्हणून साधारण दर २ तासांनी कूस बदला. त्यांना उजवीकडे वळवायचं असेल तर तुम्ही उजव्या बाजूला उभ्या राहा. त्यांचा डावा गुडघा वाकवा, डावा हात छातीवर घ्या, मग डावा खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवा. पाठीमागे उशी लावा. अंगाखालून ओढू नका, कातडी सोलते. हवेची गादी असेल तर किती वेळाने वळवायचं ते डॉक्टरांना विचारा. वीज गेली की गादीचा पंप बंद पडतो, हे ध्यानात ठेवा.

सकाळी अंग पुसताना पाठ बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर त्या बाजूवर झोपवू नका, चोळू नका, दवाखान्यात दाखवा.

लघवीची नळी. पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगा. नळी अंगाखाली दबली नाही ना, ते प्रत्येक वेळी बघा. मानेला किंवा पाठीच्या वरच्या मणक्याला इजा असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर त्यांना बसतं करा, नळी मोकळी करा आणि लगेच १०८ ला फोन करा. यात रक्तदाब जिवावर बेतेल इतका वाढू शकतो.

तुमची झोप. ही चैन नाही. झोपेत असलेल्या हातांनी माणूस पडतो. रात्र दोघांत वाटा: १० ते २ मुलगा किंवा दीर, २ ते ६ तुम्ही. घरात दुसरं कुणी नसेल तर गटाच्या बैठकीत मोकळेपणाने सांगा. आठवड्यातून एक रात्र एखादी मैत्रीण सोबतीला आली तरी मोठा आधार होतो. हवेच्या गादीसाठी गटातून अंतर्गत कर्जही मागता येतं.

हक्काचे पैसे. पगारातून ईएसआय कापला जात असेल आणि कामावर अपघात झाला असेल, तर कायमच्या अपंगत्वासाठी दरमहा रक्कम मिळते. पूर्ण अपंगत्व असेल तर सरासरी पगाराच्या ९० टक्के. ईएसआय नसेल तर कायद्याने मालकाकडे भरपाईची मागणी करता येते. युडीआयडी कार्ड काढा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्या.

मागायला लाजू नका, ताई. रात्र एकटीने काढायची असं कुठे लिहिलेलं नाही.